कोकरेवस्तीचं सिद्ध झालेलं पाणी

सन २००३ च्या जून महिन्यात ज्ञानसूर्य महाविद्यालयाच्या असं लक्षात आलं, की आपल्याकडे विज्ञान शाखा आहे. शाखा बारा वर्षांपासून होती. पण जानेवारीत मूल्यांकन समिती येणार असल्याचं पत्र आलं आणि त्या पत्रात 'प्राध्यापकांनी प्रसिद्ध केलेले संशोधन' असा एक रकाना होता. रकान्यापुढे मोकळी जागा बरीच होती. प्राचार्यांनी ती मोकळी जागा दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी परिपत्रक काढलं: विज्ञान शाखेतील प्रत्येक प्राध्यापकाने समिती येण्यापूर्वी किमान एक आंतरराष्ट्रीय संशोधन करावे, न केल्यास त्यांच्या वेतनश्रेणीबाबत फेरविचार करण्यात येईल.

शिरूर-न्हावरे रस्त्यावरच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. परिपत्रकाची एक प्रत माझ्याकडेही आली, कारण झालेलं संशोधन ठेवायचं कुठं, हा प्रश्न माझ्या खात्यात येत होता. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं, त्यावर शिक्का मारला आणि कपाटात ठेवलं.

रसायनशास्त्राचे प्रा. आनंदराव दोरगे बारा वर्षं एकाच वहीवरून शिकवत होते. संशोधन करायला त्यांची हरकत नव्हती. अडचण एवढीच होती, की जगात अजून काय शोधायचं राहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे येऊन जुनी नियतकालिकं चाळत बसले होते, तेवढ्यात विषय स्वतःच्या पायांनी चालत आला.

आलेली माणसं दोन होती, तात्याबा कोकरे आणि त्यांची बायको धुरपदाबाई. वडगाव रासाईच्या पुढं भीमेकाठी कोकरेवस्ती म्हणून तीस घरं आहेत. तात्याबांच्या वडिलांपर्यंत ही माणसं मेंढरं घेऊन फिरायची; आता कांदा, थोडा ऊस, दोन-दोन म्हशी. सगळ्या वस्तीला प्यायला नदीलगतची एकच विहीर.

"सर, आमच्या हिरीचं पानी तपासून द्या," तात्याबा म्हणाले. "तालुक्याच्या हापिसात म्हनत्यात, पानी खराब हाय असा शास्त्राचा कागद आना, मंगच नळाच्या यादीतलं वस्तीचं नाव पक्कं करू."

"नुसतं बघितलं तरी कळंल," धुरपदाबाई म्हणाल्या. "पर साह्यब म्हनला, बघून चालत न्हाई."

दोरग्यांनी हातातलं नियतकालिक मिटलं. "आबा, अजिबात काळजी करू नका. साधा कागद कशाला, मी तुम्हाला आंतरराष्ट्रीय कागद देतो."

पुढच्या रविवारी ते स्कूटरवरून वस्तीवर गेले. धुरपदाबाईंनी त्यांच्यासमोर पोहरा ओढला. पाणी पिवळट होतं, कडेला फेस होता आणि वास असा, की दोरग्यांनी रुमाल काढून नाकाला लावला. सहा वर्षांची नात समृद्धी पोट धरून उंबऱ्यावर बसली होती. "महिन्यातनं दोनदा पोरीचं पोट जातंय," धुरपदाबाई म्हणाल्या. "कागद बिगीनं द्या, सर." दोरग्यांनी बाटली भरून घेतली. चहा मात्र घेतला नाही; घरून घेऊन आलोय म्हणाले.

परत येताना खड्ड्यात स्कूटर आदळली, बाटलीचं बूच निघालं आणि नमुना त्यांच्या पँटवर सांडला. ती पँट ते सोमवारी मला दाखवायला घेऊन आले होते. दोनदा धुऊनही तिला वास होता.

"मग परत गेलात?" मी विचारलं.

"अहो, चौदा किलोमीटर! न्हावऱ्यात सीलबंद बाटली घेतली. पाणी म्हणजे शेवटी काय? दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. विहिरीतलं असो नाहीतर दुकानातलं, सूत्र काही बदलत नाही."

मी रसायनशास्त्र शिकलेलो नव्हतो, त्यामुळे मला ते पटलं. शिकलेलो असतो तरी पटवून घेतलं असतं. दोरगे कर्मचारी पतसंस्थेच्या समितीवर होते.

पाण्याच्या चौदा कसोट्या असतात. त्यांपैकी पाचांचं साहित्य कॉलेजात नव्हतं आणि दोनांचं यंत्र बंद होतं. हे सात आकडे दोरग्यांनी बाटलीच्या लेबलावरून घेतले. निबंधाच्या शेवटी त्यांनी निष्कर्ष लिहिला: 'अभ्यासलेले जल रंगहीन व गंधहीन असून त्याचे बाटलीबंद जलाशी विलक्षण साम्य आढळते.' माझ्या मते त्या निबंधातलं हे एकमेव प्रामाणिक वाक्य होतं.

ज्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो निबंध आला त्याचं कार्यालय परराज्यात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर होतं. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की संपादकांचे मेव्हणे मस्कतला होते आणि सल्लागार मंडळात होते. छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासणीही झाली. भीमा नदीचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं पडलंय, ते एकसारखं करावं, अशी सूचना तज्ज्ञांनी केली. दोरग्यांनी ते तिन्ही ठिकाणी चुकीचं केलं आणि निबंध स्वीकारला गेला.

सप्टेंबरात तात्याबा कागद घेऊन तालुक्याला गेले. तिथल्या साहेबांना इंग्रजी वाचता येत होतं, हे वस्तीचं दुर्दैव. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली, यादी काढली आणि कोकरेवस्तीच्या नावावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. तात्याबा तिथून तडक लायब्ररीत आले; दोरगे तिथंच बसले होते.

"सर, काय लिवलंत ह्यात? साह्यब म्हनला, एवढं चांगलं पानी असून नळ मागता, लाज न्हाई वाटत?"

"लिहिलंय ते शास्त्रीय आहे, आबा."

"पर पानी पिवळं हाय."

"तुमच्या दृष्टीनं."

"तुमच्या बी दृष्टीनं व्हतं की! नाकाला रुमाल लावला व्हता तुम्ही."

दोरगे खुर्चीत जरा सरकून बसले. मग त्यांनी फार समजुतीच्या सुरात सांगितलं, "आबा, छापायच्या आधी बोलला असतात तर काहीतरी करता आलं असतं. छापून आलेलं संशोधन मला स्वतःला खोटं म्हणता येत नाही, माझी नोकरी आहे. त्याचं खंडन दुसऱ्या शास्त्रज्ञानं करायचं असतं. तुम्ही आमच्या थोरात सरांना भेटा."

पदार्थविज्ञानाचे प्रा. बन्सी थोरात हे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तात्याबांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि खंडन करतो म्हणाले. त्यांनाही समितीच्या आधी एक निबंध हवाच होता. पण ही बातमी प्राचार्यांना कळली. त्यांनी थोरातांना बोलावून घेतलं.

"एकाच कॉलेजातला एक प्राध्यापक पाणी चांगलं म्हणतो आणि दुसरा वाईट म्हणतो. समितीसमोर हे कसं दिसेल?"

"वाईट दिसेल, सर."

"मग चांगलं दिसेल असं संशोधन करा."

पाण्यातून ध्वनी किती वेगानं जातो हे मोजायचं एक उपकरण थोरातांच्या प्रयोगशाळेत होतं. ते ज्या कपाटात होतं त्याची किल्ली आधीच्या विभागप्रमुखांसोबत निवृत्त झाली होती. तेव्हा थोरातांनी दोरग्यांचे आकडे घेतले, त्यांना एका समीकरणात घातलं आणि आलेल्या उत्तराकडे स्वतःच आश्चर्यानं पाहिलं. कोकरेवस्तीच्या पाण्यातले रेणू म्हणे शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तसे रांगेत उभे होते. अशी शिस्त दुसऱ्या कुठल्याही पाण्यात आढळत नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि पुढं खबरदारी म्हणून एक ओळ टाकली, की पाणी उकळल्यास ही शिस्त मोडते.

ती ओळ त्यांनी का टाकली असं मी पुढं विचारलं होतं. निबंध चार पानांचा लागतो आणि तो पावणेचारच भरत होता, असं त्यांनी सांगितलं.

तात्याबांच्या आता ध्यानात आलं, की पाण्याबद्दल बोलून उपयोग नाही; पोटाबद्दल बोलावं. नदीपलीकडं राहू गावात डॉ. पोपट खळदकर यांचा दवाखाना होता. वस्तीतलं निम्मं माणूस जुलाब, उलट्या, कावीळ घेऊन त्यांच्याकडेच जायचं. त्यांच्या केसपेपरांचा गठ्ठा म्हणजेच पुरावा आहे, एवढं तात्याबांना कळत होतं. दुर्दैवानं ते डॉक्टरांनाही कळलं. डिसेंबरात डॉक्टरांच्या संघटनेची परिषद होती आणि तिथं निबंध वाचणाऱ्याला पाटीवर नावापुढं लावायला चार अक्षरं मिळत होती.

खळदकरांनी अभ्यास अतिशय काटेकोरपणे केला. वस्तीवर पोटाचे विकार आहेत, हे त्यांच्या कागदांवरून सिद्ध होत होतं. वस्तीचं पाणी निर्दोष आहे, हे रसायनशास्त्रानं आणि पदार्थविज्ञानानं आधीच सिद्ध केलं होतं. मग दोष उरला कशात? माणसांत. पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं फिरताना ओढ्या-डबक्यांचं पाणी प्यायलेल्या समाजाच्या आतड्यांना अतिशुद्ध पाणी एकाएकी सोसत नाही, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. उपाय: पाणी न उकळता, न गाळता, भरपूर प्यावे, म्हणजे सवय होईल. परिषदेत टाळ्या पडल्या. निबंध स्मरणिकेत छापला गेला आणि त्याची एक प्रत आरोग्य खात्याच्या कुठल्याशा टेबलावर पोचली. त्या टेबलानं छापील गोष्टीला मान देऊन पत्रक काढलं.

पत्रक घेऊन नर्सबाई वस्तीवर आल्या तेव्हा धुरपदाबाई चुलीवर पाणीच उकळत होत्या. समृद्धीचं पोट फार बिघडल्यापासून तिचं पाणी त्या वेगळं उकळून ठेवायच्या.

"आजी, उतरवा ते. उकळायचं नाही असं आलंय."

"कुनी सांगितलं?"

"शास्त्रज्ञांनी."

धुरपदाबाईंनी कुणाचंच ऐकलं नसतं. पण समृद्धीची आई दहावी शिकलेली होती आणि पत्रकावर गोल शिक्का होता. पातेलं चुलीवरून उतरलं. पंधरा दिवसांत समृद्धीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अन्नाचा वास आला तरी पोरीला उलटी व्हायची. तात्याबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि राहूला नेऊन खळदकरांच्या दवाखान्यात ठेवलं.

सहा दिवस सलाईन चालू होतं. धुरपदाबाई खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून असायच्या. चौथ्या दिवशी डॉक्टर नाडी बघायला आले तेव्हा त्या उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, एकदा खरं सांगा. पोरीला हे कशानं झालं?"

खळदकरांनी बाहेर कुणी नाही असं पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मावशी, घरी गेल्यावर पाणी उकळूनच द्या. वीस मिनिटं. पण मी सांगितलं असं कुठं बोलू नका."

"मंग लिवा की तसं! तुमचं लिवल्यालंच समदी वाचत्यात."

"एकदा लिहिलंय त्याच्या उलट कसं लिहू? लोक काय म्हणतील, डॉक्टरला कळत नाही म्हणतील."

"आन् पोर गेली असती तर?"

"तिची आम्ही काळजी घेतोय ना," डॉक्टर म्हणाले. केसपेपरवर कारणाच्या रकान्यात त्यांनी 'प्रकृती' असं लिहिलं.

समृद्धी वाचली. हाडाला कातडी चिकटलेली पोर घरी आली, त्याच आठवड्यात कॉलेजची गाडी वस्तीवर गेली. मूल्यांकन समिती येणार होती आणि संशोधनाला सहकार्य केल्याबद्दल कोकरे दांपत्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता. तात्याबा नको म्हणत होते. धुरपदाबाई म्हणाल्या, "जायचं. मला बोलायचंय." गाडीत बसताना त्यांनी विहिरीवरून कळशी भरून घेतली, वर फडकं बांधलं.

सभागृहात तिन्ही निबंध चौकटीत लावून भिंतीवर टांगले होते. समितीचे अध्यक्ष हे मोठे शास्त्रज्ञ होते; इतके मोठे, की त्यांनी गेल्या वीस वर्षांत प्रयोगशाळा फक्त उद्घाटनासाठी पाहिली होती. त्यांच्यापुढं 'कोकरेवस्तीचे जल' अशी चिठ्ठी लावलेला काचेचा जग होता. तो सकाळी दोरग्यांनी माझ्यासमोर सीलबंद बाटल्या फोडून भरला होता.

शाल अंगावर पडताच धुरपदाबाईंनी कळशीचं फडकं सोडलं, टेबलावरचा एक रिकामा ग्लास उचलला आणि भरून अध्यक्षांसमोर ठेवला. पुढच्या तीन रांगांपर्यंत वास गेला.

"हे आमच्या हिरीचं पानी. तुम्ही मोठं हायसा, तुम्हीच बघा. माझी नात ह्यानं मरता मरता वाचली."

दोरगे बुटांकडे बघत होते. थोरात डोळे मिटून बसले होते. अध्यक्षांनी ग्लास उजेडाकडं धरला, मग भिंतीवरच्या पहिल्या चौकटीजवळ जाऊन शेवटची ओळ वाचली, परत येऊन ग्लास पाहिला.

"रंग पिवळा आहे," ते म्हणाले.

"व्हय!"

"वासही आहे."

"व्हय, साह्यब!" धुरपदाबाईंचे डोळे भरून आले. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी पाणी पाहिलं होतं.

"आणि प्रसिद्ध संशोधनानुसार कोकरेवस्तीचं पाणी रंगहीन आणि गंधहीन आहे," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "म्हणजे हे पाणी कोकरेवस्तीचं नाही."

"मंग कुठलं हाय?"

"तो वेगळ्या संशोधनाचा विषय होईल."

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. शिपायानं ग्लास उचलून नेला. मी मागच्या दाराशी उभा होतो. मला पँट माहीत होती, बाटली माहीत होती, सकाळचा जगही माहीत होता. पण कार्यक्रमपत्रिकेत ग्रंथपालाचं भाषण नव्हतं. मीही टाळ्या वाजवल्या. कॉलेजला 'अ' श्रेणी मिळाली.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली: 'भीमाकाठी शिस्तबद्ध पाणी! तीन शास्त्रांचे एकमत.' त्यापुढच्या रविवारी कोकरेवस्तीवर पुण्याहून पहिली मोटार आली. मागच्या सीटवर वीस लिटरचे दोन रिकामे कॅन होते आणि पुढं एक बाई, हातात कात्रण. त्यांना ॲसिडिटीचा त्रास होता.

धुरपदाबाई हातातलं काम टाकून विहिरीपाशी गेल्या. "बाई, पिऊ नका हे. माझ्या नातीला कावीळ झाली ह्यानं."

"ते शहरातल्या माणसाला नाही होत, आजी. तुमच्या लोकांना सवय नसते ना. मी वाचलंय ते."

"अवो, वर संगमावर तुमच्या पुन्याचं समदं गटारीचं पानी नदीत येतंय. तेच झिरपून हिरीत उतारतंय. तुमचंच तुम्ही परत कशाला न्हेता?"

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहून मान हलवली. "किती अज्ञान आहे बघ. सोन्यावर बसलेत आणि यांना पत्ता नाही." आणि कॅन भरून घेतले.

त्या संध्याकाळी धुरपदाबाईंनी घरातलं मोठं पिंप घासून विहिरीच्या वाटेवर नेऊन ठेवलं, असं तात्याबांनी मला पुढं सांगितलं. पुढच्या रविवारी चार मोटारी आल्या. धुरपदाबाई विहिरीच्या वाटेवर आडव्या उभ्या होत्या. या वेळी त्यांनी कुणाला पिऊ नका म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रिकामा कॅन हितं चालत न्हाई. येताना घरच्या नळाचं पानी भरून आनायचं, ते आमच्या पिंपात वतायचं, मंग हितलं न्ह्यायचं."

"का पण, आजी?"

"हिरीचा नेम हाय."

विहिरीचा नेम आहे म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. तेव्हापासून दर रविवारी पुण्याचं पिण्याचं पाणी मोटारीतून कोकरेवस्तीवर येतं आणि पुण्याचं गटारातलं पाणी त्याच मोटारीतून पुण्याला जातं. तालुक्याच्या कार्यालयाला जे दहा वर्षांत जमलं नाही ते धुरपदाबाईंनी एका रविवारात केलं. समृद्धी अंगानं भरली, शाळेत जायला लागली. वस्तीतले जुलाब थांबले. ते पाहून डॉ. खळदकरांनी दुसरा निबंध लिहिला: सांगितल्याप्रमाणे सवय झाली.

माझे एक चुलत मेहुणे पुण्यात राहतात, बँकेतून निवृत्त झालेले, चांगले वाचणारे. गेल्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात मला तो कॅन दिसला. मी त्यांना बसवून पँटपासून कळशीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं आणि शेवटी विचारलं, "हे कुठं छापून आलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग!" असं म्हणून त्यांनी कॅनमधून ग्लास भरला आणि माझ्यासमोर पिऊन टाकला.

म्हणून ही हकीकत मी आता छापायला दिली आहे. छापून आल्यामुळे ती खरी ठरली आहे, आणि मी थाप मारतोय की काय हे बघायला विहिरीपर्यंत कुणी जाणार नाही. तुम्हीही नाही.